हायपरथ्रेडिंग नेमकं आलं कुठून, आणि एका कोरचे दोन कसे दिसतात

प्रश्न असा आलाय की हायपरथ्रेडिंग (प्रोसेसरच्या एकाच कोरवर दोन थ्रेड, म्हणजे कामांच्या दोन स्वतंत्र रांगा, एकदम चालवणं) इंटेलने शोधलं का, 8 कोर 16 थ्रेड म्हणजे खरंच 16 कोर मिळतात का, आणि आता इंटेलच्याच नव्या लॅपटॉप चिपांमधून ते गायब झालंय म्हणजे आयडियाच फसली का. तिन्हीचं उत्तर "नाही" असंच आहे, पण एवढ्यावर सोडलं तर काहीच कळणार नाही. मी बरीच वर्षं सर्व्हरच्या परफॉर्मन्सचं काम करतोय आणि या एका गोष्टीवरून लोकांनी चुकीची मशीन्स घेतलेली, चुकीचे आकडे वाचलेले खूप पाहिलेत, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी मूळ अडचण समजून घ्या. प्रोसेसरचा कोर, म्हणजे त्यातला प्रत्यक्ष काम करणारा भाग, हा बहुतेक वेळ रिकामा असतो, आणि हे मी तुम्ही मशीन नुसती चालू ठेवलीय तेव्हाचं सांगत नाहीये, फुल लोडवर असतानाचं सांगतोय. आजचा मोठा कोर एका क्लॉकमध्ये, म्हणजे त्याच्या एका ठोक्यात, 6-8 इन्स्ट्रक्शन (प्रोग्राममधल्या छोट्या सूचना) घेऊ शकतो, पण तुमचा प्रोग्राम त्याला तेवढं काम देतच नाही. एखादी व्हॅल्यू कॅशमध्ये (कोरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) नसली आणि मेमरीतून आणावी लागली की साधारण 80 नॅनोसेकंद जातात, आणि 4 गिगाहर्ट्झच्या कोरसाठी ते 320 क्लॉक झाले. तेवढा वेळ तो कोर पुढचं जे काही त्या व्हॅल्यूवर अवलंबून नाही ते उरकून घेतो आणि मग थांबतो.

मी शिकवताना एसटीचं उदाहरण देतो कारण ते इथे अगदी फिट बसतं. वडाप भरल्याशिवाय सुटत नाही, पण एसटी टाइम झाला की सुटते, एक प्रवासी असला तरी आणि एकही नसला तरी. प्रोसेसर म्हणजे एसटी. समजा दर मिनिटाला एक गाडी सुटते आणि तिच्यात आठ सीट आहेत. आता दोन प्रकारे नुकसान होतं. एक म्हणजे अख्खी गाडी रिकामी जाते, कारण गावाकडून कोणी आलंच नाही (मेमरीची वाट बघणं चालू आहे). दुसरं म्हणजे गाडी गेली खरी पण आठातल्या दोनच सीट भरल्या. या क्षेत्रात पहिल्याला उभी नासाडी आणि दुसऱ्याला आडवी नासाडी म्हणतात, आणि पुढचा सगळा इतिहास या दोन नासाड्या कशा कमी करायच्या याचाच आहे.

आता सरळ उपाय काय, तर दुसऱ्या गावाचे प्रवासी पण याच स्टँडवर आणा. पण नियम काय लावायचा? एक नियम असा की एका गाडीत एकाच गावाची माणसं, या गावची गाडी गेली की त्या गावची. याने रिकाम्या गाड्या कमी होतात पण दोन सीट भरून जाणारी गाडी दोनच सीट भरून जाते. दुसरा नियम असा की ज्या गावची माणसं हजर आहेत ती सगळी एकाच गाडीत बसवा, पाच या गावची, तीन त्या गावची. हा दुसरा नियम म्हणजे सायमल्टेनियस मल्टिथ्रेडिंग, एसएमटी. "सायमल्टेनियस" या शब्दाचा सगळा अर्थ एवढाच आहे की एकाच क्लॉकमध्ये, एकाच गाडीत, दोन थ्रेडच्या इन्स्ट्रक्शन. हायपरथ्रेडिंग हे इंटेलने आपल्या चिपांमधल्या एसएमटीला दिलेलं ब्रँडनेम.

पहिला नियम फार जुना आहे. 1964 च्या सीडीसी 6600 मध्ये (सेमूर क्रे आणि जेम्स थॉर्नटन यांची मशीन) इनपुट-आउटपुट सांभाळायला दहा पेरिफेरल प्रोसेसर होते, पण प्रत्यक्षात गणित करणारं हार्डवेअर एकच होतं, दहांचे रजिस्टर (चालू कामातल्या व्हॅल्यू ठेवायच्या जागा) वेगळे आणि ते एका गोल फिरणाऱ्या पिंपासारखे आळीपाळीने त्या हार्डवेअरसमोर यायचे, म्हणून त्याला बॅरल म्हणायचे. नंतर बर्टन स्मिथ नावाच्या माणसाने हीच कल्पना टोकाला नेली. कोलोरॅडोतल्या डेनेलकॉर कंपनीची एचईपी ही मशीन 1982 ची, तिच्यात एका थ्रेडची एका वेळी एकच इन्स्ट्रक्शन पाइपलाइनमध्ये (इन्स्ट्रक्शन ज्या टप्प्यांतून जाते त्या साखळीत) असायची आणि पाइपलाइन आठ टप्प्यांची, म्हणजे कमीत कमी आठ थ्रेड असल्याशिवाय ती भरतच नाही. कंपनी बुडाली, पण स्मिथने टेरा कंपनीत तेच परत केलं, एका प्रोसेसरवर 128 थ्रेडची सोय आणि डेटा कॅश अजिबात नाही! मेमरी हळू आहे ना, असू दे, तोवर बाकीचे 127 काम करतील. मला हा माणूस फार आवडतो कारण सगळं जग कॅश मोठी करण्याच्या मागे लागलं होतं तेव्हा तो उलट दिशेने चालत राहिला, आणि आजचे जीपीयू (ग्राफिक्सचे प्रोसेसर) मेमरीची वाट लपवायला ढीगभर थ्रेड ठेवतात तेव्हा मला त्याचीच आठवण येते. (याच टेराने 2000 साली क्रे रिसर्च विकत घेतली आणि स्वतःचं नाव क्रे करून घेतलं.)

पण दुसरा नियम, खरा एसएमटी, तोही लोकांना वाटतो तेवढा नवा नाही. आयबीएमचा कॅलिफोर्नियात एसीएस नावाचा प्रकल्प होता, जॉन कॉक, लिन कॉनवे, जीन अॅमडाल अशी माणसं त्यात होती, आणि तिथे 1968 च्या सुमारास दोन इन्स्ट्रक्शन स्ट्रीम एकाच एक्झिक्यूशन युनिटवर (प्रत्यक्ष गणित करणाऱ्या भागावर) सोडायचा विचार झाला होता. प्रकल्प 1969 मध्ये बंद पडला, मशीन कधी बाजारात आलीच नाही, आणि ते काम पुढची बरीच वर्षं कोणाला फारसं माहीतही नव्हतं. 1992 मध्ये जपानमधल्या मात्सुशिताच्या हिराता आणि सहकाऱ्यांनी अनेक थ्रेडमधून एकदम इन्स्ट्रक्शन सोडणाऱ्या प्रोसेसरचं डिझाइन मांडलं. म्हणजे कल्पना हवेत होती.

मग ती 1995 सालीच का गाजली? माझ्या मते दोन कारणं. पहिलं म्हणजे तोवर चिपा रुंद झाल्या होत्या आणि त्या रुंदीचा उपयोग होत नाही हे सगळ्यांना बोचायला लागलं होतं. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधले डीन टल्सन, सुझन एगर्स आणि हेन्री लेव्ही यांनी 1995 च्या पेपरात डीईसी कंपनीच्या अल्फा प्रोसेसरवर आधारित, क्लॉकला आठ इन्स्ट्रक्शन सोडणारा प्रोसेसर सिम्युलेट करून मोजलं तर सरासरी दीडच इन्स्ट्रक्शन जात होत्या. आठ सीटांची गाडी, दीड प्रवासी! आणि ही नासाडी कुठल्या एका कारणाने नव्हती, थोडी कॅशमुळे, थोडी ब्रांचमुळे (पुढे कुठल्या वाटेने जायचं हे ठरेपर्यंत), थोडी इन्स्ट्रक्शनांच्या एकमेकींवरच्या अवलंबनामुळे, म्हणजे एक गोष्ट सुधारून भागणार नव्हतं. त्यांनी दाखवलं की एसएमटीने थ्रूपुट (ठराविक वेळात होणारं एकूण काम) चौपटीपर्यंत जाऊ शकतं, आणि आळीपाळीच्या मल्टिथ्रेडिंगच्या दुप्पट.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आणि लोक तेच विसरतात. चौपट वगैरे ठीक आहे, पण हे बनवायला किती अवघड? 1996 च्या पुढच्या पेपरात याचं उत्तर आलं, आणि त्यात डीईसीचे जोएल एमर आणि रेबेका स्टॅम हे प्रत्यक्ष चिप बनवणारे लोक सोबत होते. उत्तर असं की आउट-ऑफ-ऑर्डर प्रोसेसरमध्ये, म्हणजे जो इन्स्ट्रक्शन तयार असतील तशा क्रम सोडून करतो त्यात, अर्धं काम आधीच झालेलं आहे. रजिस्टर रिनेमिंग नावाची जी भानगड असते तिच्यात प्रत्येक व्हॅल्यूला एक वेगळा आतला नंबर मिळतो. एसटीचंच बघा, कंडक्टरकडून एकदा तिकीट फाडलं आणि सीट नंबर मिळाला की पुढे तुम्ही कुठल्या गावचे हे ड्रायव्हरला माहीत असायची गरज नाही. तसंच दोन थ्रेडच्या इन्स्ट्रक्शनांना वेगवेगळे नंबर मिळाले की मधली रांग, अॅडर, मल्टिप्लायर यांना हे कोणाचं काम आहे हे कळायची गरजच उरत नाही. वेगळं ठेवावं लागतं ते सुरुवातीला आणि शेवटी, म्हणजे प्रोग्राम काउंटर (थ्रेड कुठल्या इन्स्ट्रक्शनवर आहे ते), नाव-नंबरांचा तक्ता, रिटायर करताना (इन्स्ट्रक्शन पक्की पूर्ण करताना) कोणाचं काय, एवढंच. त्यात त्यांनी आयकाउंट म्हणून एक साधी युक्ती दिली: ज्या थ्रेडच्या इन्स्ट्रक्शन रांगेत सगळ्यात कमी पडून आहेत त्याच्या पुढच्या इन्स्ट्रक्शन आधी आणा (फेच), म्हणजे अडकलेला थ्रेड आपोआप मागे पडतो आणि पळणारा पुढे जातो. एवढ्यावर क्लॉकला 5.4 इन्स्ट्रक्शन आणि साध्या प्रोसेसरच्या अडीचपट थ्रूपुट त्यांनी दाखवलं. इतकी साधी गोष्ट आणि इतका फरक, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत परत तेच पान वाचत होतो. सुझन एगर्सना 2018 मध्ये एकर्ट-मॉकली पुरस्कार मिळाला, कॉम्प्युटर आर्किटेक्चरमधला सर्वात मोठा, आणि तो मिळवणारी ती पहिली स्त्री.

या पेपरातून थेट निघालेली चिप म्हणजे अल्फा 21464, ईव्ही8, आठ इन्स्ट्रक्शन रुंद आणि चार थ्रेड. 1999 मध्ये जाहीर झाली, पण डीईसी तोवर कॉम्पॅककडे गेली होती आणि 2001 च्या जूनमध्ये कॉम्पॅकने अल्फाच गुंडाळायचं ठरवलं, तंत्रज्ञान आणि बरीच माणसं इंटेलकडे गेली. ती चिप झाली असती तर एसएमटीची लोकांवरची पहिली छाप वेगळी पडली असती असं मला मनापासून वाटतं.

कारण पहिली छाप पडली ती पेंटियम 4 ची. 2002 च्या सुरुवातीला झीऑन या सर्व्हरच्या चिपमध्ये आणि नोव्हेंबर 2002 मध्ये 3.06 गिगाहर्ट्झच्या पेंटियम 4 मध्ये हायपरथ्रेडिंग आलं. इंटेलचं म्हणणं होतं की चिपचा आकार 5 टक्क्यांहून कमी वाढला आणि फायदा 30 टक्क्यांपर्यंत, आणि हे खोटं नव्हतं, पण ती चिप या कामाला तशी गैरसोयीची होती. रीऑर्डर बफर (चालू इन्स्ट्रक्शनांची यादी) 126 एंट्र्यांचा, दोन थ्रेड चालू झाले की 63-63 असा सरळ मधोमध कापायचा, लोड बफर (मेमरीतून काय आणायचं त्याची यादी) 48 चे 24-24, आणि एल1 डेटा कॅश, म्हणजे कोरच्या सगळ्यात जवळची, फक्त 8 केबी, तीही दोघांत. दोन कुटुंबं वन-रूम-किचनमध्ये. त्यात भर म्हणजे दोन थ्रेडचे स्टॅक (थ्रेडची मेमरीतली कामचलाऊ जागा) बरोबर 64 केबीच्या पटीत अंतरावर आले तर कॅशमध्ये एकमेकांना सारखे बाहेर ढकलायचे, म्हणून कोडमध्ये मुद्दाम स्टॅक थोडा सरकवून ठेवावा लागायचा. विंडोज 2000 ला तर खरा प्रोसेसर कुठला आणि लॉजिकल कुठला हेच कळायचं नाही, दोन प्रोसेसरच्या मशीनवर दोन कामं एकाच प्रोसेसरच्या दोन थ्रेडवर टाकून दुसरा प्रोसेसर मोकळा ठेवायचा, मग लोक म्हणणार ना की हायपरथ्रेडिंग चालू केलं आणि मशीन हळू झाली. एक्सपी आणि लिनक्स 2.6 पासून ते सुधारलं. 2006 ला कोअर 2 मध्ये इंटेलने हायपरथ्रेडिंग काढून टाकलं होतं हे आता कोणाला आठवत नाही, 2008 च्या शेवटी नेहालेममध्ये ते परत आलं, आणि या वेळी चिप रुंद, कॅश मोठ्या, मेमरी कंट्रोलर चिपमध्येच, त्यामुळे खरा फायदा दिसायला लागला. म्हणजे काढणं आणि परत आणणं हे आधीही झालंय, हे लक्षात ठेवा.

आयबीएमने मात्र हे शांतपणे आणि जास्त मन लावून केलं. पॉवर5 मध्ये 2004 ला दोन थ्रेड, पॉवर7 मध्ये 2010 ला चार, पॉवर8 मध्ये 2014 ला एका कोरवर आठ. डेटाबेसचं काम म्हणजे सतत मेमरीत इकडून तिकडे उड्या, गाड्या रिकाम्याच जाणार, तिथे आठ थ्रेड शोभतात, आणि डेटाबेसची लायसन्स कोरवर मोजतात, थ्रेडवर नाही, हाही भाग आहेच. सनचा नायगारा (2005, आठ कोर, प्रत्येकी चार थ्रेड) याच वेळचा, पण तो एसएमटी नाही, आळीपाळीवाला आहे, लोक गल्लत करतात. इंटेलची स्पर्धक एएमडी, तिने 2011 च्या बुलडोझर चिपमध्ये वेगळाच रस्ता धरला, पूर्णांकांचं गणित करणारे दोन भाग वेगळे आणि दशांशांचं (फ्लोटिंग पॉइंट) गणित करणारा एकच सामायिक, तो चालला नाही, आणि 2017 ला झेनमध्ये त्यांनी सरळ एसएमटी घेतलं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा मुद्दा, 16 थ्रेड म्हणजे 16 कोर का. नाही, आणि इथे एक हिशेब सांगतो जो माझ्या दृष्टीने या सगळ्या उत्तरातला सगळ्यात कामाचा आहे. समजा तुमच्या कामाला एसएमटीने 25 टक्के जास्त मिळतात. म्हणजे आठ कोरवर एकेक थ्रेड चालवला तर 100 काम होतं आणि सोळा थ्रेड चालवले तर 125. आता आठच थ्रेड चालू आहेत, प्रत्येक कोरवर एक. मशीन सीपीयू किती दाखवेल? 50 टक्के, कारण 16 पैकी 8 बिझी. पण खरं तर 125 पैकी 100 वापरून झालेत, म्हणजे 80 टक्के! एका ठिकाणी (नाव नको) सणाच्या आधी मला सांगण्यात आलं होतं की सीपीयू 45-50 टक्क्यांवर आहे, दुप्पट ट्रॅफिक आरामात झेपेल, मशीन वाढवायची गरज नाही. मी त्या मीटिंगमध्ये तेवढा जोर लावला नाही याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ट्रॅफिक दीडपट व्हायच्या आतच रिस्पॉन्स टाइम असा चढला की पेमेंट अडकायला लागले, आणि डॅशबोर्डवर सीपीयू अजून सत्तरीतच दिसत होता, त्यामुळे रात्री दोन वाजेपर्यंत सगळे नेटवर्कमध्ये आणि डेटाबेसमध्ये दोष शोधत बसले. तेव्हापासून मी कुठलीही कपॅसिटी टक्क्यांवरून सांगत नाही, लोड टेस्ट करूनच सांगतो. क्लाउडवर तर हे आणखी लपलेलं असतं, कारण बहुतेक इंटेलवाल्या मशीनचा एक व्हीसीपीयू (क्लाउडवर भाड्याने मिळणारा प्रोसेसर ज्या एककात मोजतात ते) म्हणजे एक थ्रेड, अख्खा कोर नाही, आणि अॅमेझॉनच्या ग्रॅव्हिटन चिपवर एक व्हीसीपीयू म्हणजे अख्खा कोर, तेव्हा "दोन्हीकडे 8 व्हीसीपीयू" ही तुलनाच होत नाही.

25 हा आकडा मी समजा म्हणून घेतला, तुमच्या कामाला तो शून्य असेल किंवा 40 असेल किंवा उणे असेल. ज्या कोडला आधीच गाडी भरून नेता येते, म्हणजे नीट ट्यून केलेलं मॅट्रिक्सचं गणित, त्याला दुसरा थ्रेड फक्त कॅश खायला येतो, म्हणून सुपरकॉम्प्युटिंगवाले बऱ्याचदा एसएमटी बंद ठेवतात किंवा एका कोरवर एकच थ्रेड बांधतात. कंपाइल करणं, वेब सर्व्हर, डेटाबेस, जिथे पॉइंटर मागून पॉइंटर धावायचं असतं, तिथे फायदा चांगला.

सिक्युरिटीचं प्रकरण टाळता येत नाही. एकाच गाडीत शेजारी बसलं की शेजाऱ्याच्या पिशवीत काय आहे याचा अंदाज येतोच. 2005 मध्ये संशोधक कॉलिन पर्सिव्हल यांनी दाखवलं की पेंटियम 4 च्या एका थ्रेडवर बसून, कॅशमधल्या आपल्या कुठल्या ओळी बाहेर फेकल्या जातात याचं नुसतं टायमिंग मोजून, दुसऱ्या थ्रेडवर चाललेल्या आरएसए या सांकेतिक लिपीची गुप्त किल्ली (की) काढता येते. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने तेव्हाच हायपरथ्रेडिंग डीफॉल्ट बंद केलं, बाकी बहुतेकांनी मनावर घेतलं नाही, आणि मग 2018 हे वर्ष आलं. एकामागून एक हल्ले सापडले: टीएलब्लीड, मग फोरशॅडो, मग ताम्पेरे (फिनलंड) आणि हवानाच्या (क्युबा) संशोधकांचं पोर्टस्मॅश, ज्यात तर कॅशही नको, फक्त एक्झिक्यूशन पोर्टवर (इन्स्ट्रक्शन गणिताच्या भागात शिरतात त्या दारांवर) किती गर्दी आहे एवढं मोजायचं. ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने 2018 च्या जूनमध्ये इंटेलवर हायपरथ्रेडिंग डीफॉल्ट बंद केलं, 2019 च्या मे महिन्यात झोंबीलोड वगैरे हल्ले आल्यावर गुगलच्या क्रोमओएसनेही बंद केलं. यातली गंभीर गोष्ट अशी की एक प्रोग्राम थांबवून दुसरा सुरू करताना मधले बफर (तात्पुरत्या साठवणीच्या जागा) पुसता येतात, पण शेजारचा थ्रेड त्याच क्षणी चालू असतो, तिथे पुसायला मधला वेळच नाही. लिनक्समध्ये 5.14 पासून कोर शेड्यूलिंग आलं, म्हणजे एका कोरच्या दोन थ्रेडवर एकमेकांवर विश्वास असलेलीच कामं बसवायची. मला हा उपाय पटतो, कारण तो एसएमटी म्हणजे शेअरिंग आहे हे मान्य करून पुढे जातो.

आणि आता तिसरा प्रश्न. 2024 मध्ये लुनार लेक आणि अॅरो लेक या इंटेलच्या चिपांमधून हायपरथ्रेडिंग गेलं. लोक म्हणतात सिक्युरिटीमुळे गेलं. माझं मत असं की मुख्य कारण छोटे कोर आहेत. 2021 च्या अल्डर लेकपासून एकाच चिपवर मोठे पी-कोर आणि छोटे ई-कोर आले, आणि काम वाटायचा क्रम असा झाला की आधी मोठे कोर, मग छोटे कोर, आणि तेही भरले तरच मोठ्या कोरचा दुसरा थ्रेड. म्हणजे ज्या लॅपटॉपमध्ये छोटे कोर भरपूर आहेत तिथे दुसऱ्या थ्रेडपर्यंत पाळी येतच नाही, मग त्यासाठी जागा, पॉवर आणि टेस्टिंगचा डोंगर कशाला? रिकाम्या सीट भरण्यापेक्षा लहान गाड्या जास्त सोडा असा तो निर्णय आहे, आणि लॅपटॉपसाठी मला तो बरोबर वाटतो, अॅपलच्या एम1 पासूनच्या चिपांमध्येही एसएमटी नाहीच. सर्व्हरचं गणित वेगळं, तिथे सगळे थ्रेड खरोखर भरतात, एएमडीने ते सोडलेलं नाही आणि इंटेलनेही 2025 मध्ये सर्व्हर चिपांत एसएमटी परत आणणार असं सांगितलंय.

तुम्ही स्वतःच्या मशीनवर बघायचं असेल तर लिनक्सवर एलएससीपीयू (lscpu) ही कमांड चालवा, एका कोरवर किती थ्रेड हे तिथे लिहिलेलं असतं. मग तुमचंच रोजचं काम, बेंचमार्क नको, आधी कोर आहेत तेवढ्या थ्रेडवर चालवा, प्रत्येक थ्रेड वेगळ्या कोरला बांधून, आणि नंतर दुप्पट थ्रेडवर. पूर्ण व्हायला लागलेला वेळ आणि सगळ्यात हळू रिक्वेस्टला लागलेला वेळ दोन्ही लिहून ठेवा, कारण पहिला सुधारतो आणि दुसरा बिघडतो असं बऱ्याचदा होतं. ते आकडे हातात आले की चालू ठेवायचं का बंद हे तुमचं तुम्हालाच कळेल, आणि लिनक्सच्या नवीन कर्नलवर (सिस्टिमच्या गाभ्यावर) बंद-चालू करायला रीबूटही लागत नाही.